द्राक्ष रात्रीला थांबत नाही

गेली तीसेक वर्षे मी मराठीत गझल लिहितो आहे. गझल म्हटली की तिच्यात शराब, साकी, प्याला ही मंडळी येतातच. माझ्याही शेरांत ती पुष्कळ वेळा आली आणि श्रोत्यांनी दादही दिली. पण खरे सांगायचे तर त्यातला एक थेंबही माझ्या घशाखाली कधी उतरलेला नाही. त्यामुळे आकाशवाणीच्या मित्रांनी "वाइनच्या इतिहासावर बोला" असे सुचवले, तेव्हा आमच्या घरात मोठा हशा झाला. बायको म्हणाली, "एवढी वर्षे ऐकीव लिहिलंत, आता जरा माहिती काढून बोला."

माहिती काढायला बसलो, तेव्हा ध्यानात आले की या विषयाची एक गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक आहे. आम्ही बागवान. साताऱ्याच्या मंडईत माझ्या वडिलांची फळांची गाडी होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगावकडून द्राक्षांच्या पेट्या यायच्या. पेरू, मोसंबी, केळी उद्यावर टाकता येत. द्राक्षांचे तसे नव्हते. संध्याकाळ झाली की अब्बा भाव पाडत जायचे आणि दिवेलागणीला उरलेला माल जवळजवळ फुकट द्यायचे. "अंगूर रातकू नै ठैरते," असे ते म्हणत. म्हणजे द्राक्ष रात्रीला थांबत नाही.

तरीही काही घड उरायचेच. दोन दिवसांनी पेटी उघडली की गोड, आंबूस, नाकात झिणझिणी आणणारा वास यायचा. अब्बा पाच वेळचे नमाजी. तो वास आला की ते पेटी लांब नेऊन उपडी करत आणि हात धूत. त्या दिवसाची कमाई त्या उकिरड्यावर जायची. शराबेचा वास मला असा शब्दाच्या आधी कळला, आणि तो नुकसानीचा वास होता. दादीमाँ मात्र कधी कधी त्यातली थोडी द्राक्षे मागून घेई आणि बरणीत सिरका करी. शराब हराम, पण तिचाच पुढे सिरका झाला की तो हलाल, हा आमच्या धर्मशास्त्रातला बारकावा तिला पक्का ठाऊक होता.

द्राक्षाच्या सालीवर आणि हवेत यीस्ट असते. रस फुटला की ते साखर खाऊ लागते आणि तिचे अल्कोहोल करते. पुढे हवा लागत राहिली की त्या अल्कोहोलचे आम्ल होते, म्हणजे आमच्या दादीमाँचा सिरका. साधी वाइन ही या दोन टप्प्यांच्या मधली एक घटका आहे. तिच्यात साधारण 12 ते 14 टक्के अल्कोहोल असते आणि बाटली उघडली की तिला फार दिवस नाहीत. या घटकेला माणसाने थांबवले कसे, हाच 'फोर्टिफाइड वाइन'चा इतिहास आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. फोर्ट म्हणजे किल्ला. वाइनमध्ये द्राक्षाचाच ऊर्ध्वपातित अर्क ओतायचा, अल्कोहोलचे प्रमाण 15 ते 22 टक्क्यांपर्यंत न्यायचे आणि तिच्याभोवती तटबंदी उभी करायची. मग ना यीस्टचे चालते, ना आंबवणाऱ्या जिवाणूंचे.

या तटबंदीचे दगड घडवले अरबी भाषेने. 'अल्कोहोल' हा शब्द अरबी 'अल्-कुहल'वरून आला. कुहल म्हणजे सुरमा. वस्तगाळ बारीक केलेली पूड, मग कुठल्याही पदार्थाचे सार, आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास युरोपात 'वाइनचे सार', असा त्या शब्दाचा प्रवास झाला. ईदच्या सकाळी अम्मा आमच्या डोळ्यांत घालायची तो सुरमा आणि बाटलीतला तो पदार्थ यांचे नाव एकच निघावे, याचे मला फार नवल वाटले. ऊर्ध्वपातनाच्या भांड्याचे 'अलेम्बिक' हे नावही अरबी 'अल्-अंबीक'चे. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने ऊर्ध्वपातनावर ग्रंथ लिहिला, तो अत्तरांविषयी होता. आपण मराठीत म्हणतो तो 'अर्क' अरबीतला. त्याचा मूळ अर्थ घाम. 'शराब' आणि 'सरबत' तर एकाच घरातली भावंडे. दोघांचा अर्थ 'प्यायचे ते' एवढाच. अत्तरासाठी घडवलेले यंत्र युरोपात गेले, त्यातून वाइनचा अर्क निघाला आणि तो पुन्हा वाइनमध्येच ओतला गेला.

इतके वाचून झाले, पण डोळ्यांनी काही पाहिले नव्हते. ती सोय माझ्या एका वर्गमित्राने केली. तासगाव तालुक्यात त्याची द्राक्षबाग आहे. त्याचा भाचा प्रवासी जहाजावर नोकरीला. सुट्टीवर येताना त्याने मामासाठी पोर्ट, दोन तऱ्हांची शेरी आणि मदेइरा अशा लहान बाटल्या आणल्या होत्या. दोस्ताचा फोन आला, "शायर, परवाना हाय माझ्याकडं. तू नको पिऊ, वास घे. मी पितो, तू इतिहास सांग."

मागच्या उन्हाळ्यात साताऱ्याहून पॅसेंजरने निघालो आणि किर्लोस्करवाडीला उतरलो. संध्याकाळी त्याच्या ओसरीवर बसलो. वहिनींनी माझ्यासाठी कोकमचे सरबत ठेवले आणि म्हणाल्या, "भावजी, तुम्ही जामिनाला आहात म्हणून परवानगी."

पहिली बाटली पोर्टची. काळपट तांबडा रंग, जांभळाचा आणि काळ्या मनुकांचा वास. ही पोर्तुगालच्या डोरो नदीच्या खोऱ्यातली. इंग्लंडचे फ्रान्सशी वारंवार युद्ध होई, म्हणून 1703 च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज वाइनवरची जकात फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांशाने कमी ठेवली गेली. मागणी वाढली. समुद्रप्रवासात माल टिकावा म्हणून व्यापारी त्यात ब्रँडी घालू लागले, आणि पुढे रस आंबत असतानाच ती घालण्याची रीत पडली. आजही साधारण चार भाग आंबत्या रसात एक भाग द्राक्षाचा अर्क घालतात. यीस्ट जागच्या जागी मरते, उरलेली साखर तशीच राहते, म्हणून पोर्ट गोड आणि कडक. हिच्या तऱ्हा ठरतात त्या वाट पाहण्यावरून. मोठ्या पिंपात थोडी वर्षे ठेवून तांबडी असतानाच भरली ती रूबी. लहान लाकडी पिंपात दहा, वीस, तीस, चाळीस वर्षे ठेवून विटकरी झाली, अक्रोड-बदामाचा वास धरला, ती टॉनी. एखाद्या उत्तम सालचीच वेगळी काढून दोनेक वर्षांत बाटलीत भरली आणि पुढची कित्येक वर्षे बाटलीतच मुरू दिली, ती व्हिंटेज.

दोस्ताने घोट घेतला आणि विचारले, "आन् शेतकऱ्याला काय मिळालं?" प्रश्न बरोबर होता. मागणी वाढली तशी भेसळ वाढली. रंगासाठी एल्डरबेरी नावाच्या जंगली फळाचा रस मिसळू लागले. मग भाव कोसळले. 1756 मध्ये पोर्तुगालचा मंत्री मार्किस द पोंबाल याने डोरोच्या खोऱ्याच्या हद्दी आखल्या, ती एल्डरबेरीची झाडे उपटायला लावली आणि व्यापार एका कंपनीच्या हाती दिला. पुढच्याच वर्षी पोर्तो शहरात त्या मक्तेदारीविरुद्ध लोक रस्त्यावर आले. पोंबालने दंगा चिरडला आणि लोकांना फाशी दिली. त्या गोड तांबड्या घोटाच्या तळाशी हेही आहे.

दुसरी शेरी. स्पेनच्या दक्षिणेला जेरेझ गाव आहे. अरबांच्या अमलात त्याचे नाव होते शेरीश. 1264 मध्ये ते कायमचे ख्रिस्ती राजाकडे गेले, पण इंग्रजांच्या तोंडी 'शेरी' राहिली ती त्या अरबी नावावरून. शेरीची रीत पोर्टच्या उलट. इथे रस पूर्ण आंबू देतात, साखर संपते आणि मग अर्क घालतात. म्हणून ती मुळात कोरडी, म्हणजे गोडी नसलेली. अर्क पंधरा टक्क्यांपुरताच घातला आणि पिंप थोडे रिकामे ठेवले, तर वाइनवर यीस्टची पांढरी साय धरते. तिला म्हणतात 'फ्लोर', म्हणजे फूल. या सायीखाली हवेपासून वाचून फिकट राहते ती फिनो. अर्क सतरा-अठरा टक्क्यांवर नेला तर साय धरतच नाही, हवा लागून रंग गडद होतो, ती ओलोरोसो. आणि सायीखाली सुरुवात होऊन पुढे साय मेली, मग हवेत मुरली, ती आमोंतियादो. आमच्यापुढची पहिली बाटली फिनोची होती. कच्चा बदाम आणि आंबवण मळून ठेवलेले पीठ, असा तिचा वास. दोस्ताने तोंड वाकडे केले. "ह्यात गोडी कुठंय?" वहिनी आतून म्हणाल्या, "सगळं गोडच पाहिजे यांना."

शेरी मुरवण्याची पद्धत आपल्या घरातल्या विरजणासारखी आहे. पिंपांच्या रांगा एकावर एक रचतात. सर्वांत खालच्या रांगेत सर्वांत जुनी वाइन, तिला 'सोलेरा' म्हणतात. वर्षातून काही वेळा खालच्या पिंपातून थोडीच काढायची, तेवढी भर वरच्या रांगेतून टाकायची आणि सर्वांत वर नवी ओतायची. पिंप कधी रिकामे होत नाही. आजच्या पेल्यात पहिल्या वर्षाचा एखादा अंश असतोच, जसा आपल्या दह्यात आजीच्या दह्याचा.

मग दुसरी शेरी उघडली. ही पेद्रो हिमेनेस जातीच्या द्राक्षांची. डांबरासारखी काळी, काकवीसारखी दाट. पेला हलवला तर काचेला चिकटून राहिली. मी वास घेतला आणि माझ्याआधी दोस्तच ओरडला, "आरं, ह्यो तर आपला बेदाणा!"

त्याचे खरेच होते. ही द्राक्षे तोडल्यावर लगेच गाळत नाहीत. चटयांवर अंथरून आठ-पंधरा दिवस उन्हात वाळवतात, सुकून मनुकेसारखी झाली की मग पिळतात आणि त्या दाट रसात अर्क घालतात. तासगावच्या माणसाने हजारो मैलांवरच्या पेल्यात आपला माल नाकाने ओळखला होता.

त्यावर मी त्याला वाचलेली एक गोष्ट सांगितली. इसवी सन 966 मध्ये कोर्दोबाचा खलिफा दुसरा अल-हकम याने धर्माज्ञेप्रमाणे द्राक्षवेली उपटायचा हुकूम काढला. शेरीशच्या शेतकऱ्यांनी अर्ज केला, की आमच्या द्राक्षांचे बेदाणे होतात आणि ते खलिफाच्या फौजेला शिदोरीसाठी लागतात. खलिफाने ऐकले. जेरेझमध्ये असे सांगतात, की एक तृतीयांशच वेली गेल्या, बाकीच्या वाचल्या. दोस्त बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे बेदाण्यानं शेरी वाचवली." इतिहासाच्या पुस्तकांत हे इतक्या थोडक्या शब्दांत मी कुठे वाचले नाही.

राहिली मदेइरा. 'मदिरा'शी तिचा संबंध असेल असे आपल्याला वाटते, पण तो केवळ योगायोग. पोर्तुगीज भाषेत मदेइरा म्हणजे लाकूड. अटलांटिकमधल्या त्या बेटावर दाट जंगल होते म्हणून हे नाव. हिंदुस्थानकडे येणारी जहाजे तिथे थांबत आणि पिंपे भरून घेत. विषुववृत्त ओलांडताना जहाजाच्या पोटात महिनोन्महिने उष्णता आणि हेलकावे. साधी वाइन त्यात नासली असती. ही मात्र सुधारली. मग काही पिंपे मुद्दाम फेरी मारून परत आणू लागले. पुढे जहाजाऐवजी बेटावरच उष्णता देऊ लागले. स्वस्त मालाला 45 ते 50 अंशांवर किमान तीन महिने, उत्तम मालाला उन्हाने तापणाऱ्या माळ्यावर वर्षानुवर्षे. सर्सियाल, वर्देल्यो, बुआल आणि माम्झी या तिच्या चार मुख्य तऱ्हा, कोरडीपासून गोडीपर्यंत चढत जाणाऱ्या. आमची बुआल होती. वास घेतला तो थेट गुऱ्हाळाचा. कढईतली काकवी आणि वर संत्र्याची साल. आधीच तापून निघाल्यामुळे ही उघडी बाटलीसुद्धा महिनोन्महिने नासत नाही.

कंपनी सरकारच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे हे आवडते पेय. हिंदुस्थानातल्या उन्हात बाकीचे बिघडे, हे टिके. 1818 मध्ये ग्रँट डफ साताऱ्यात आला, 1829 च्या सुमारास माल्कमसाहेबाने महाबळेश्वरला वसाहत उभी केली, त्या काळात कंपनीच्या मुलखात साहेबाच्या मेजावर मदेइरा असणे ही रीतच होती. नेल्सनच्या आरमाराने 1800 मध्ये घेतलेली सिसिली बेटावरची मार्साला हीदेखील याच कुळातली. तिच्या गावाचे नावही अरबी 'मर्सा', म्हणजे बंदर, यावरून आले. आणि आपल्याकडे? बादशहा जहांगीरने आत्मचरित्रात स्वतःच्या व्यसनाची कबुली दिली आहे. कडक अर्क सोसेना, तेव्हा त्याने दोन भाग द्राक्षाची शराब आणि एक भाग अर्क असे मिश्रण करून घ्यायला सुरुवात केली. त्याला ती काटकसर वाटली. एका अर्थी ती दिल्ली-आग्र्याची पोर्टच होती. या व्यसनाने त्याचे शरीर पोखरले, हेही तितकेच खरे. दारूने बसलेली घरे मी आमच्या गल्लीतही पाहिली आहेत, म्हणून हे सांगून ठेवतो.

गोव्याला जाऊन आलेली मंडळी म्हणतील, पोर्ट तर आम्ही तिथेच पाहिली. पोर्तुगीज 1510 ते 1961 गोव्यात होते, त्यांनी ते नाव तिथे ठेवले. पण गोव्यात 'पोर्ट' म्हणून स्वस्तात मिळणारी गोड तांबडी वाइन आपल्याकडची. डोरोच्या खोऱ्याशी तिचे नाते नावापुरते.

मग आपल्या द्राक्षांचे काय? दोस्ताने पलूसचा विषय येतानाच काढला होता. राज्य सरकारने 2001 मध्ये द्राक्ष-प्रक्रिया धोरण आणले आणि नाशिकजवळ विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाइन पार्क ठरवले. नाशिकने त्यात नाव काढले. आमच्याकडे तेवढे जमले नाही. 2008 नंतर मंदी आली, मागणी घटली, वाइनची द्राक्षे पडून राहिली आणि राज्यात अनेकांनी त्या वेली उपटून टाकल्या. वाइनची द्राक्षे खायच्या द्राक्षांपेक्षा वेगळी. बाजारात दुसरे गिऱ्हाईक नाही. खलिफाच्या हुकमाशिवाय वेली उपटल्या गेल्या.

सांगली जिल्ह्याने दुसरी वाट धरली, बेदाण्याची. कृष्णाकाठी ऊस आणि पूर्वेच्या कोरड्या, कमी पावसाच्या तालुक्यांत द्राक्ष. तीच कोरडी हवा बेदाण्याला मानवते. 'बेदाणा' हा शब्द फारसी, बे-दाना, म्हणजे बिनबियांचा. घड द्रावणात बुडवायचे, शेडमध्ये जाळ्यांच्या थरांवर पसरायचे आणि पंधरा दिवस वारा खाऊ द्यायचा. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. 2016 मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले, पोंबालने डोरोला आखून दिली तशी आमचीही हद्द आखली गेली.

रात्री जेवण झाल्यावर दोस्ताने शेड दाखवली. तीन वर्षांमागे एप्रिलमध्ये, माल जाळीवर असताना दोन रात्री अवकाळी पाऊस झाला होता. बेदाणा काळवंडला, चिकट झाला. जो माल शीतगृहात ठेवून दिवाळीला विकायचा, तो त्याने त्याच आठवड्यात मिळेल त्या भावाने काढला, कारण सोसायटीचे कर्ज थांबायला तयार नव्हते. घेणाऱ्या व्यापाऱ्यानेही पैसे वर्षभर फिरवले. "तुझ्या त्या गोऱ्यांचं बरं हाय," तो म्हणाला, "चाळीस वर्सं पिंपात ठेवायची. चाळीस वर्सं खायाला कोण घालतंय?"

मला वाटते, या साऱ्या इतिहासाचे सार त्या एका वाक्यात आहे. रूबी आणि टॉनी यांच्या किमतीतला मोठा फरक हा थांबू शकण्याचा फरक असतो. डोरोच्या उतारावर द्राक्षे तोडणाराही क्वचितच थांबू शकला. थांबले ते पलीकडच्या काठावर गोदामे असलेले व्यापारी. चवीची नावे लिहिली गेली ती थांबणाऱ्याने. ज्याला थांबता आले नाही त्याच्या नावाची बाटली नाही. आमच्याकडे शीतगृहातली पावती हे त्या पिंपाचे गरीब भावंड. ती हातात धरून दिवाळीपर्यंत, रमजानपर्यंत तग धरता आली, तर शेतकऱ्याच्या घरी दोन पैसे येतात.

निघताना वहिनींनी बेदाण्याची पिशवी हातात दिली. "ईदच्या शीरखुर्म्याला," म्हणाल्या. गाडीत ती उघडली. पिवळसर हिरवे, लांबट दाणे. एक तोंडात टाकला आणि त्या काळ्या शेरीचा वास पुन्हा आठवला, या वेळी जिभेवर.

अब्बा जाऊन पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या गाडीवरच्या एका पेटीतली द्राक्षे रात्रीला थांबली असती, तर त्या महिन्यात आमच्या शाळेची फी वेळेवर गेली असती, एवढा हिशेब मला आता मांडता येतो. ईदला शीरखुर्म्याची पहिली वाटी भरली, तेव्हा त्यातले दोन बेदाणे मी बाजूला काढून ठेवले. नातवाने विचारले, "हे कुणासाठी?" मी म्हटले, "तुझ्या पणजोबांसाठी. हे अंगूर थांबलेत, बघ."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)